माळकरी घरातल्या ठमीला काय खायला घालावं?

पत्र : डॉक्टर, आमच्याकडे ठमी नावाची गावठी कुत्री आहे. पावसात भिजत गेटपाशी बसली होती, तिथून ती आमची झाली. आता तीन-साडेतीन वर्षांची असेल. ऑपरेशन झालंय, वजन १८ किलो. सासूबाई माळकरी असल्यामुळे घरात मांसमच्छी, अंडं काहीच शिजत नाही. ठमी दोन्ही वेळ दूध-पोळीवर असते, कधीतरी वरणभात. गेले काही महिने तिचे केस फार गळतात, अंगावरची चमक गेली आहे. इथले डॉक्टर म्हणाले, प्रोटीन कमी पडतंय, चिकन सुरू करा. बाहेरून उकडून आणायची माझी तयारी होती. पण दहावीतल्या मुलीने ब्रॉयलर कोंबड्यांच्या शेडचा व्हिडिओ पाहिला आणि ‘एका प्राण्यावर माया करायची म्हणून दुसऱ्याला असं वाढवून मारायचं का?’ असं विचारून बसली. मला उत्तर देता आलं नाही. मिस्टर म्हणतात, विकतचं पोतं आण आणि विषय संपव. दुकानदार ग्रेन-फ्री, ह्यूमन ग्रेड असं काय काय सांगतो, आणि आत नक्की काय असतं ते कळत नाही. ठमीची तब्येत नीट राहील आणि कुणावर अन्यायही होणार नाही, असं काही खाणं आहे का?
— एक वाचक, मिरज

उत्तर :

ताई,

ठमीची तब्येत आणि तुमच्या मुलीचा प्रश्न, दोन्ही मी सारख्याच गांभीर्याने घेतो. कुणालाच काही त्रास न देता ताटलीत येणारं अन्न मला माहीत नाही. पण तो त्रास बराच कमी करता येतो आणि कुत्री ठणठणीतही राहते. मात्र सुरुवात खाण्यापासून करू नका, रक्त तपासण्यापासून करा.

केस गळण्याचं खाणं हे एक कारण असतं, एकमेव नसतं. आपल्याकडच्या गावठी कुत्र्यांत माझा पहिला संशय गोचिडांवर जातो. गोचीड चावून होणारा एर्लिकियाचा ताप अंगात मुरला की कुत्रं खातं-पितं, शेपूट हलवतं, पण अंग धरत नाही आणि केस निस्तेज होत जातात. त्यात प्लेटलेट घटतात, म्हणून साध्या रक्ततपासणीतच बऱ्याचदा सुगावा लागतो. जंत, खरूज, बुरशी, थायरॉइड हेही बघावं लागतं. आज संध्याकाळी ठमीच्या कानाच्या पाळीखाली, बोटांच्या बेचक्यांत आणि शेपटीच्या मुळाशी हात फिरवून बघा. आजार गोचिडांचा असेल तर चिकनच काय, कुठलंही खाणं त्याला पुरं पडणार नाही. तुमच्या डॉक्टरांनी हे आधीच तपासलं असेल तर उत्तमच. पत्रात उल्लेख नाही म्हणून लिहिलं.

आता दूध-पोळी. इथं डॉक्टरांचं म्हणणं बरोबर असण्याची शक्यता मोठी आहे. हिशेबच करू. १८ किलोच्या, ऑपरेशन झालेल्या, घरात राहून दोन वेळा फिरायला जाणाऱ्या कुत्रीला दिवसाला साधारण ८०० ते ८५० कॅलरी लागतात. बिनतेलाच्या पाच पोळ्या आणि अर्धा लिटर गाईचं दूध, एवढ्यात त्या भरतात. ठमीचं पोट भरतं ते त्यामुळेच. पण त्यातून प्रथिनं मिळतात जेमतेम ३३ ग्रॅम. अमेरिकेत पशुखाद्याचे निकष ठरवणारी ‘आफको’ नावाची संघटना आहे. तिच्या निकषानुसार मोठ्या कुत्र्याला दर १००० कॅलरींमागे किमान ४५ ग्रॅम प्रथिनं हवीत. ठमीला ती ३६ ते ३८ ग्रॅम झाली, आणि हा तळाचा आकडा आहे. शिवाय पोळीतल्या प्रथिनात लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असतं. जस्त, तांबं, आयोडीन, ई आणि ड जीवनसत्त्व यांचंही या ताटलीत दुर्भिक्षच. जस्त कमी पडलं की ते सगळ्यात आधी कातडीवर आणि केसांवर दिसतं, आणि गव्हाच्या कोंड्यातलं फायटेट आहे तेवढं जस्तही बांधून ठेवतं. तुमच्या वर्णनाशी हे जुळतं.

ड जीवनसत्त्वाचं एक वेगळं सांगायला हवं. उन्हात बसून ते आपल्याला मिळतं, कुत्र्याच्या कातडीत मात्र पुरेसं तयार होत नाही. ते खाण्यातूनच जावं लागतं. हे वाचून घरातली ६०,००० युनिटची पुडी तिच्या दुधात घालायचा मोह होईल, तो कृपा करून टाळा. माणसाच्या मापाचा डोस कुत्र्याच्या रक्तातलं कॅल्शियम वाढवून मूत्रपिंडाला इजा करू शकतो.

आणि नुसतं चिकन-भात सुरू केल्यानेही प्रश्न सुटत नाही. चिकनने प्रथिनांची बाजू भरते, पण हाडाशिवायच्या मांसात कॅल्शियम जवळपास नसतंच आणि फॉस्फरस भरपूर असतं. कुत्र्याला कॅल्शियम फॉस्फरसइतकं किंवा त्याहून थोडं जास्त लागतं. नाहीतर शरीर ते स्वतःच्या हाडांतून काढत राहतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी २०१३ मध्ये घरगुती श्वान-आहाराच्या २०० पाककृती तपासल्या. त्यातल्या ९५ टक्के पाककृतींत एक तरी आवश्यक घटक कमी निघाला, आणि त्यांतल्या काही पाककृती पशुवैद्यांनीच लिहिलेल्या होत्या. आपल्याकडे यावर नाचणीचा उपाय सांगतात. नाचणी चांगलीच आहे, पण १०० ग्रॅम नाचणीत कॅल्शियम सुमारे ३५० मिलिग्रॅम असतं आणि ठमीला दिवसाला लागतं एक ग्रॅमच्या आसपास. तेवढी नाचणी घातली तर दिवसाच्या कॅलरी नाचणीतच संपतील.

म्हणजे मांसाशिवाय चालतच नाही का? चालतं. माझ्याच व्यवसायातले बरेच जण इथं माझ्याशी सहमत नसतात, तरी लिहितो. कुत्रा लांडग्याचा वंशज असला तरी माणसाच्या उकिरड्यावर हजारो वर्षं जगून बदललेला आहे. २०१३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात स्वीडनच्या संशोधकांनी दाखवून दिलं की पिष्ट पचवणाऱ्या अमायलेजच्या जनुकाच्या प्रती कुत्र्यात लांडग्यापेक्षा कितीतरी जास्त असतात. भाकरी त्याला पचते ती त्यामुळे. हृदयाला लागणारं टॉरिन तो मेथिओनिन आणि सिस्टीन या अमिनो आम्लांपासून स्वतः तयार करतो, गाजरातल्या कॅरोटीनचं अ जीवनसत्त्व करतो. मांजराला यातलं काहीच धड जमत नाही, त्यामुळे घरात मांजर असेल तर तिच्या बाबतीत शाकाहाराचा विचारसुद्धा करू नका. कुत्र्याला ठरावीक पोषकद्रव्यं लागतात. ती कुठून येतात याला दुय्यम महत्त्व आहे, फक्त ती सगळी आली पाहिजेत. ब्रिटनमधल्या पशुवैद्यांच्या संघटनेनेही कुत्र्यांच्या वनस्पतीजन्य आहाराला असलेला आपला सरसकट विरोध २०२४ मध्ये मागे घेतला, अर्थात तो आहार शास्त्रशुद्ध आणि परिपूर्ण असेल तरच. हे सगळं मी मोठ्या, निरोगी कुत्र्याबद्दल लिहितो आहे. पिल्लू, गाभण किंवा दूध पाजणारी कुत्री, आजारी जनावर यांच्यावर असे प्रयोग करायचे नाहीत.

सासूबाईंना दुखवून काही करायची वेळ येऊ नये असं मलाही वाटतं. माळ हे त्यांचं व्रत आहे आणि ते स्वयंपाकघरात पाळलं गेलं पाहिजे. पण ते ठमीने घेतलेलं नाही. नामदेव महाराजांची गोष्ट त्यांना मी सांगण्याची गरज नाही. कुत्र्याने पोळी पळवली तेव्हा महाराज तुपाची वाटी घेऊन मागे धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून. समोरच्या जिवाला काय लागतं हे त्यांनी पाहिलं. तुम्ही बाल्कनीत किंवा मागच्या अंगणात ठमीची वेगळी शेगडी, वेगळं पातेलं, वेगळी ताटली ठेवलीत तर सासूबाई नाही म्हणतील असं मला वाटत नाही. विचारून तर बघा, आणि मुलीला घेऊनच विचारा.

तुमच्या मुलीशीही थोडं बोलतो. बाळ, तू विचारलंस ते फार कमी लोक विचारतात. तू पाहिलेली ब्रॉयलर कोंबडी ३५ ते ४२ दिवसांत कापायला तयार केलेली असते. तिचं अंग इतक्या वेगाने वाढवलेलं असतं की पायांना ते पेलत नाही. गर्दीत आजार पसरू नयेत म्हणून आणि वजन भरावं म्हणून प्रतिजैविकं वापरली जातात. माणसांच्या अगदी शेवटच्या उपचाराचं कोलिस्टिन हे औषधही कोंबड्यांना दिलं जात होतं. २०१९ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांत त्याच्या वापरावर बंदी घातली. तेव्हा तुझा राग योग्य जागी आहे. आता त्याच नजरेने पुढे बघ. अंड्यासाठी पाळलेल्या कोंबड्यांच्या उबवणीत नर पिल्लांचा उपयोग नसतो, ती पहिल्याच दिवशी मारून टाकतात. दुधासाठी गाय-म्हैस वेत राहावी लागते आणि होणाऱ्या नर वासराचं, रेडकाचं बहुतेक गोठ्यांत काय होतं ते कुणी सांगत नाही. म्हणजे ठमीची दूध-पोळीसुद्धा तू समजतेस तितकी निरुपद्रवी नाही. हे मी तुला निरुत्तर करायला लिहीत नाही. कुठल्या पर्यायात किती जिवांना किती त्रास होतो, आणि त्यातला कोणता ठमीच्या अंगी लागतो, हे दोन्ही शेजारी ठेवून तू निवड करावीस म्हणून लिहितो.

या हिशेबात एक गोष्ट सगळ्यात स्वस्त आहे आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. ठमीला लागतं त्याहून जास्त खायला घालू नका. ४८ लॅब्राडॉर कुत्र्यांच्या एका दीर्घ अभ्यासात, २००२ मध्ये तो प्रसिद्ध झाला, निम्म्या कुत्र्यांना जोडीदारापेक्षा २५ टक्के कमी अन्न दिलं गेलं. ती कुत्री सरासरीने जवळपास दोन वर्षं जास्त जगली आणि त्यांची सांधेदुखीही उशिरा सुरू झाली. जास्तीच्या अन्नामागचा जीवही वाया आणि आपलं कुत्रंही लवकर म्हातारं. ठमीच्या बरगड्यांवर हात फिरवा. फार दाबावं न लागता त्या हाताला लागल्या पाहिजेत. वरून बघितलं तर कंबर आत गेलेली दिसली पाहिजे. ‘कसं गुटगुटीत आहे’ असं कौतुक ज्या कुत्र्याचं होतं, त्याची मला काळजी वाटते.

अंड्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण तुमच्या घरासाठी मला तेच सगळ्यात योग्य वाटतं. कुत्र्याला लागणारी सगळी अमिनो आम्लं त्यात आहेत, बलकात थोडं ड जीवनसत्त्व आहे आणि ते पचायला हलकं आहे. अंडं देणारी कोंबडी त्यासाठी मारावी लागत नाही. पण दुकानातलं नेहमीचं पांढरं अंडं पिंजऱ्यातल्या कोंबडीचं असतं. एका कोंबडीच्या वाट्याला वहीच्या मोठ्या कागदाएवढीही जागा येत नाही आणि तिला पंखही पसरता येत नाहीत. म्हणून मिरजेच्या आसपासच्या एखाद्या गावात परसात कोंबड्या पाळणारी बाई शोधा. आठवड्याला चौदा अंडी ठरवून घ्या आणि एकदा मुलीला घेऊन तिच्या कोंबड्या बघून या. बघून यायला सांगतो कारण तपकिरी कवच म्हणजे गावरान, असं मुळीच नसतं. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो आणि तपकिरी अंडी देणाऱ्या कोंबड्याही पिंजऱ्यात असतात. सासूबाई एक शंका काढतील आणि ती रास्त आहे. पिंजऱ्यातली अंडी फलित नसतात, तिथं कोंबडाच नसतो. परसातल्या कोंबड्यांत कोंबडा हिंडत असतो, त्यामुळे ते अंडं फलित असू शकतं. एकीकडे कोंबडीचे हाल, दुसरीकडे अंड्यात जीव असण्याची शक्यता. माझा कौल मोकळ्या कोंबडीला आहे, कारण दुखणं तिला कळतं, रोजच्या रोज उचललेल्या ताज्या अंड्याला नाही. पण निर्णय तुमच्या घराचा. अंडं उकडूनच घाला, कच्च्या पांढऱ्यातलं अॅविडिन बायोटिन हे जीवनसत्त्व शोषू देत नाही.

काही वाचकांच्या घरी मांसाहार चालतो, त्यांच्यासाठी थोडक्यात. कुत्र्यासाठी वेगळं छातीचं चिकन आणू नका. खाटकाकडे कलेजी, वजडी, फुफ्फुस, कोंबडीचा पोटा स्वस्तात मिळतो, बऱ्याच ठिकाणी फेकलाही जातो. तो प्राणी आपल्या कुत्र्यासाठी कापलेला नसतो, आणि यातली कलेजी तर पोषणात मांसापेक्षा सरसच. अमेरिकेतल्या कुत्र्या-मांजरांच्या खाण्याचा वाटा तिथल्या मांसोत्पादनाच्या पर्यावरणीय भाराच्या २५ ते ३० टक्के असल्याचा एका संशोधकाने २०१७ मध्ये काढलेला अंदाज फार गाजला. माणूस खाईल तेच मांस कुत्र्याला घालायच्या हौसेने तो भार वाढतो. कलेजी मात्र एकूण खाण्याच्या विसाव्या भागाहून जास्त नको, अ जीवनसत्त्व साठून त्रास होतो. सगळं शिजवून, आणि शिजवलेलं हाड कधीही नाही. ते काचेसारखं फुटतं.

आता मिस्टरांचं पोतं. त्यांचं अर्ध म्हणणं मला मान्य आहे. तुमच्यासारख्या घरात जस्त-तांबं-आयोडीन-जीवनसत्त्वांचा मेळ रोज पातेल्यात बसवण्यापेक्षा परिपूर्ण कोरडं खाद्य मुख्य ठेवणं जास्त सुरक्षित आहे. फक्त ते ‘विषय संपव’ म्हणून आणू नका. दुकानात गेलात की पोतं उलटं करा. पुढच्या बाजूचं चित्र आणि मोठी अक्षरं सोडून द्या. ह्यूमन ग्रेड, होलिस्टिक, प्रीमियम या शब्दांना श्वानखाद्याच्या बाबतीत आपल्याकडे कायदेशीर व्याख्या नाही. आपला अन्नसुरक्षा कायदा माणसांच्या अन्नापुरता आहे, पशुखाद्य त्याच्या व्याख्येतूनच वगळलेलं आहे. भारतीय मानक ब्युरोचं पाळीव प्राण्यांच्या खाद्यासाठी आयएस ११९६८ हे मानक आहे. ते पाळता का, हे कंपनीला जरूर विचारा.

मागच्या बाजूला सगळ्यात आधी हे शोधा : खाद्य ‘कम्प्लीट’ आहे की ‘कॉम्प्लिमेंटरी’. पहिलं म्हणजे एवढंच खाऊन कुत्रं जगेल असं खाद्य, दुसरं म्हणजे तोंडीलावणं. ते कुठल्या वयासाठी आहे आणि आफको किंवा युरोपच्या ‘फेडियाफ’ या संघटनेच्या निकषांना धरून बनवलंय का, हेही तिथंच लिहिलेलं असतं. मग घटकांची यादी. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने असते आणि गंमत इथंच होते. ‘ताजं चिकन’ पहिल्या क्रमांकावर असतं कारण त्यात ७० टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. पाणी उडाल्यावर ते कितीतरी खाली घसरेल. उलट मका, मक्याचं पीठ, मक्याचं ग्लूटेन असे तीन तुकडे केले की प्रत्येक खाली दिसतो, एकत्र केला तर मकाच पहिला. प्रथिनांचा आकडाही पाणी वजा करूनच ताडावा. ओल्या खाद्याच्या पाकिटावर प्रथिनं ८ टक्के आणि पाणी ८० टक्के असेल, तर उरलेल्या २० भागांतले ८, म्हणजे कोरड्या वजनात ४० टक्के. कोरड्या खाद्यावर २२ टक्के प्रथिनं आणि १० टक्के पाणी असेल तर ते होतात २४ टक्के. नुसते छापील आकडे शेजारी ठेवले तर फसगत होते.

शाकाहारी पोतं घेताना घटकांत मेथिओनिन, टॉरिन, बी-१२, ड जीवनसत्त्व आणि जस्त वेगळे घातल्याचं स्पष्ट लिहिलेलं हवं. डाळी आणि सोयाबीनमध्ये मेथिओनिन कमी असतं, ते घातलं नसेल तर कुत्र्याला टॉरिनही पुरेसं करता येत नाही. ग्रेन-फ्रीच्या मागे अजिबात लागू नका. धान्याच्या जागी वाटाणा, मसूर, बटाटा भरलेल्या अशा खाद्यांचा आणि हृदय फुगून दुबळं होण्याच्या आजाराचा काही संबंध आहे का, याचा तपास अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने (एफडीए) २०१८ मध्ये जाहीर केला. संबंध सिद्ध झालेला नाही, पण गव्हा-ज्वारीवर वाढलेल्या ठमीला धान्य सोडायला लावायचं काही कारणच नाही.

वनस्पतीजन्य म्हणजे शुद्ध, असंही मानू नका. २००७ मध्ये अमेरिकेत कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडं निकामी होऊ लागली, तेव्हा दोष मांसात नव्हता, चीनहून आलेल्या गव्हाच्या ग्लूटेनमध्ये, म्हणजे गव्हातून काढलेल्या प्रथिनात होता. प्रथिन मोजतात ते नायट्रोजनवरून, म्हणून कुणीतरी त्यात नायट्रोजनने भरलेलं मेलामाइन हे रसायन मिसळलं. कागदावर प्रथिनं वाढली आणि जनावरं दगावली. त्यासाठी कंपनीच्या ग्राहकसेवेला इमेल करा आणि विचारा : खाद्याचं सूत्र कोण ठरवतं, पशुपोषणातलं शिक्षण घेतलेली व्यक्ती आहे का? कच्चा माल कुठून येतो, प्रत्येक लॉटची तपासणी होते का? आणि मुलीच्या वतीने हेही विचारा, खाद्याची चाचणी कुठल्या कुत्र्यांवर करता? आफकोच्या पद्धतीत किमान आठ कुत्र्यांना २६ आठवडे ते खाद्य देऊन बघतात. ती कुत्री लोकांच्या घरात राहणारी आहेत की आयुष्यभर पिंजऱ्यात ठेवलेली, याने फरक पडतो. उत्तर न देणारी कंपनी यादीतून काढून टाका.

दुकानात पोतं फोडून किलोवर सुटं विकतात ते घेऊ नका. बॅच नंबर नाही, तारीख नाही, आणि उघड्यावर त्यातली चरबी खवट होते. मक्याला दमटपणात बुरशी लागली की अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं आणि ते थेट यकृतावर जातं. २०२० च्या अखेरीस अमेरिकेत अशाच एका खाद्याने ७० हून अधिक कुत्री दगावल्याची नोंद झाली. तुमच्याकडचा पावसाळा लक्षात घेता महिन्याभरात संपेल एवढंच पोतं घ्या आणि ते मूळ पिशवीसकट झाकणाच्या डब्यात ठेवा.

तर ठमीसाठी माझा सल्ला असा. परिपूर्ण शाकाहारी कोरडं खाद्य १७० ते १७५ ग्रॅम, दोन उकडलेली अंडी, एक मूठ उकडलेला भोपळा किंवा गाजर, आणि ज्वारीच्या भाकरीचा चतकोर. दोन वेळांत विभागून. खाद्यात १०० ग्रॅमला ३५० कॅलरी धरल्या तर हे ८०० ते ८५० मध्ये बसतं आणि प्रथिनं ५० ग्रॅमच्या घरात जातात. तुमच्या पोत्यावरचा कॅलरीचा आकडा वेगळा असेल तर ग्रॅम बदला. मापाच्या भांड्याने अंदाज चुकतो, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोजा. अंडी नकोच असं घरात ठरलं तर खाद्य २२५ ग्रॅमपर्यंत न्या आणि जोडीला थोडं पनीर चालेल. बदल एकदम करू नका. आठ-दहा दिवसांत दूध-पोळी कमी करत आणि नवं वाढवत न्या. शी पातळ झाली तर दोन दिवस आहे त्या मापावर थांबा.

ताटातलं उचलून देणं मात्र बंद. कांदा-लसूण घातलेली आमटी किंवा रस्सा कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतो. शिऱ्यातले बेदाणे आणि द्राक्षं मूत्रपिंड बंद पाडू शकतात. सांगली-मिरजेत घरोघरी द्राक्षं आणि बेदाणे असतात, म्हणून हे ठळक लक्षात ठेवा. चॉकलेट नको. शुगर-फ्री च्युइंगममधलं झायलिटॉल थोडंसंही रक्तातली साखर झपाट्याने पाडतं. यातलं काही पोटात गेलं तर वाट बघू नका, तासाभरात दवाखाना गाठा.

तीन महिन्यांनी वजन, रक्त आणि लघवी तपासा. वनस्पतीजन्य आहारात लघवी अल्कधर्मी होऊन खडे होण्याची शक्यता वाढते, म्हणून तिचा सामू (पीएच) बघायला सांगा. नवे केस चमक घेऊन यायला दोन-तीन महिने लागतातच, तोवर धीर धरा. वजन उतरू लागलं, केस तसेच राहिले किंवा रक्तात प्रथिनं कमी दिसली, तर शाकाहारी पोत्याच्या जागी चिकन असलेलं परिपूर्ण पोतं आणा. ते घरात शिजवावं लागत नाही, सासूबाईंचं स्वयंपाकघर तसंच राहील. मुलीला ते पटायला जड जाईल, तेव्हा रिपोर्ट तिच्या हातात द्या आणि तिच्याशी बोलूनच ठरवा.

पोत्याच्या मागच्या बाजूचा फोटो आणि रक्ताचा रिपोर्ट याच पत्त्यावर पाठवा. पैसे खर्च करण्याआधी मी वाचून कळवीन.